वंशावळीतला सारंग

माझ्या आजोळी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आपला मूळपुरुष नौदलात मोठा अधिकारी होता, त्याने इंग्रजांचे जहाज पकडले आणि खूश होऊन पेशव्यांनी त्याला जमीन इनाम दिली. लग्नकार्यात शेवटची पंगत उठली, पानाचे तबक फिरू लागले की कोणीतरी मामा ही गोष्ट काढणारच, आणि दर वेळी ते जहाज थोडे मोठे होणारच. शाळेत मीही ती सांगत असे. अक्कलकुव्यात आमच्या वर्गातल्या कोणी समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्या गोष्टीवर माझा भाव बराच वधारला होता. १९९५ च्या दहावीच्या तुकडीतल्या काहींना ते आठवत असेल. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा वाटले, त्या गोष्टीचा पुढचा भाग सांगायला हीच जागा योग्य.

काही वर्षांपूर्वी मामांचे कोकणातले जुने घर आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत एक पुडके सापडले. आत मोडीतले तीन कागद. घरात ते वाचता येणारे कोणी उरले नव्हते. आजोबांच्या पिढीपर्यंत मोडी शाळेत शिकवत. पुढे ती गेली, आणि घरोघरचे कागद घरच्यांनाच परके झाले. मी सॉफ्टवेअरमधली, अनोळखी खुणांतून अर्थ काढण्याची सवय आहे, म्हणून सुट्टीच्या दिवशीचा मोडीचा वर्ग लावला. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ साली जागा मिळाली आहे, पण माझ्या कागदांना त्याचा उपयोग शून्य. मोडी लिहिणारा हात न उचलता सपासप पुढे जातो, ऱ्हस्व-दीर्घ पाहत नाही, दोन शब्दांत अंतर ठेवत नाही. 'दिला' की 'दिली', हे मागचापुढचा संदर्भ लावूनच ठरवायचे. पहिला कागद वाचायला मला पाच महिने लागले.

तो निघाला पेढीनामा, म्हणजे वंशावळ. वर एक नाव, खाली रेघा, रेघांखाली मुलगे. सर्वांत वरच्या नावापुढे हुद्दा होता : विजयदुर्ग सुभ्याच्या आरमाराकडील सारंग.

'नौदल अधिकारी' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा गणवेश येतो. सारंग म्हणजे ते नव्हे. जहाजावरच्या खलाशांचा प्रमुख तो सारंग. शीड कधी चढवायचे, कधी उतरवायचे, वारा फिरला की नाळ कुठे वळवायची, नांगर कुठे टाकायचा, हे त्याचे काम. वर सरदार, त्याच्याही वर सुभेदार. तोफांचे काम गोलंदाजांचे, जहाजावरच्या शिपायांचे वेगळे. मामांना मी हे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा थोडा पडला. माझ्या लेखी मात्र माणसाची किंमत वाढली. सरदार मानाने आणि घराण्याने होता येत असेल. सारंग व्हायला आधी दर्या समजावा लागतो.

विजयदुर्ग आज सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या देवगड तालुक्यात आहे. वाघोटन खाडीच्या तोंडाशी, तिन्ही बाजूंना पाणी. इंग्रज त्याला घेरिया म्हणत, जवळच्या गिर्ये गावावरून. आंग्र्यांच्या काळात या किल्ल्याचा पश्चिम किनाऱ्यावर एवढा धाक होता की कंपनीची व्यापारी जहाजे सोबतीला लढाऊ जहाजे घेतल्याशिवाय इकडून जात नसत. आंग्र्यांच्या ताफ्याचे वर्णन इंग्रज इतिहासकार ऑर्मने केले आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांपर्यंत. गलबत त्याहून लहान, क्वचितच सत्तर टनांवर जाणारे, पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की इंग्रजांचे थोराड जहाज जागच्या जागी डुलत बसायचे. तेव्हा गलबतांनी दोर बांधून गुराबा ओढून आणायच्या आणि शत्रूच्या पिछाडीला उभ्या करायच्या, कारण तिथे त्याच्या तोफा थोड्या. गुराबेच्या नाळेवरच्या तोफा समोर मारा करत. हे वाचल्यावर सारंगाचे काम काय होते ते मला खरे कळले. वारा नसताना लढाई जिंकायची ती त्याच्या हिशेबावर.

हे आरमार बुडवले ते मात्र एकट्या इंग्रजांनी नव्हे. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नाही, म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसनचा ताफा समुद्राकडून आला. जमिनीवर उतरलेल्या फौजेचा प्रमुख होता रॉबर्ट क्लाइव्ह, तोच जो पुढच्या वर्षी प्लासीला जिंकला. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून पकडलेले 'रेस्टोरेशन' नावाचे जहाज बंदरात उभे होते. त्यावर गोळा पडून आग लागली आणि एकमेकांना खेटून उभा असलेला सगळा ताफा जळाला. किल्ला इंग्रजांनी घेतला, आतली लूट आपापसात वाटून घेतली आणि पेशव्यांच्या माणसांना हात हलवत ठेवले. वर्ष सरायच्या आत बाणकोटच्या बदल्यात विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला. आरमार मात्र पुन्हा पहिल्यापासून उभारावे लागले. आमच्या सातवीच्या पुस्तकात यावर दोन ओळी होत्या. माझ्या मते मराठ्यांच्या इतिहासातली ही सगळ्यांत महाग पडलेली आग आहे, आणि तिच्यावर दोन ओळी फार थोड्या.

पेशव्यांच्या या नव्या आरमाराचे प्रमुख आनंदराव धुळप. हे धुळप मूळचे जावळीचे मोरे, असे ते घराणे सांगते. त्यांच्याच हाताखाली आमचा सारंग होता.

आता ते जहाज. आजोळच्या गोष्टीतले जहाज खरे आहे. त्याचे नाव 'रेंजर', बारा तोफांचे, मुंबई मरीनचे. ५ एप्रिल १७८३ रोजी ते मुंबईहून निघाले आणि ८ एप्रिलला रत्नागिरीच्या समुद्रात धुळपांच्या ताफ्याशी त्याची गाठ पडली. दोन मोठी जहाजे, एक केच आणि आठ गलबते, असा तो ताफा इंग्रज लेखक सांगतात. रेंजरवर साधी माणसे नव्हती. कर्नल नॉर्मन मॅक्लाउड, कर्नल हंबरस्टन आणि मेजर शॉ हे तिघे त्यावर होते. त्या वेळी इंग्रजांचे टिपूशी युद्ध चालू होते आणि बेदनूरला जनरल मॅथ्यूज सेनापती होता. त्याच्याशी बिनसले म्हणून हे तिघे तक्रार घेऊन मुंबईला आले. मुंबईकरांनी मॅथ्यूजला काढून मॅक्लाउडला नेमले, आणि ती नेमणूक घेऊन ते परत चालले होते. कित्येक तास लढाई झाली. जहाजाला जहाज भिडवून मराठे वर चढले. शॉ जागीच ठार, मॅक्लाउड जखमी, हंबरस्टन इतका जखमी की ३० एप्रिलला विजयदुर्गावरच वारला. तिकडे नवा सेनापती पोचलाच नाही आणि महिनाअखेर बेदनूर टिपूकडे परत गेले.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर मामांचे म्हणणे शंभर टक्के खरे ठरले असते. पण इंग्रज आणि मराठे यांच्यात सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजीच ठरला होता. डिसेंबरात पुण्याहून मान्यता आली आणि फेब्रुवारी १७८३ मध्ये तहाच्या कागदांची रीतसर देवघेव झाली. रेंजर पकडले ते एप्रिलात. म्हणजे दोन्ही दरबार दोस्त झाल्यावर समुद्रावर ही लढाई झाली. विजयाचा डंका पिटायचा की माफी मागायची, अशी पुण्याची अडचण. अखेर कैदी सुटले आणि जहाज परत गेले. आमच्या मूळपुरुषाने पकडलेले जहाज दोन महिनेही विजयदुर्गाच्या बंदरात राहिले नाही.

मग इनाम कशाचे? उत्तर दुसऱ्या कागदात होते आणि ते वाचताना मला दोनदा थांबावे लागले. सनदेचे साल तिथे अरबी आकड्यांत आहे : अर्बा समानीन मया व अलफ. चार, ऐंशी, शंभर, हजार. म्हणजे सुहूर सन ११८४. मृगाच्या सुमारास हे वर्ष सुरू होते, म्हणून इसवी सनात जून १७८३ ते मे १७८४. लढाईनंतरच्या पावसाळ्यापासूनचे वर्ष. आणि जमीन दिल्याचे कारण : बालपरवेशी.

हा शब्द बहुतेकांना नवा असेल, मलाही होता. लढाईत माणूस कामास आला आणि मागे पोर लहान असेल, तर त्याच्या पोटापाण्यासाठी सरकारने करून दिलेली तजवीज म्हणजे बालपरवेशी. कधी ती रोख असे, कधी जमीन. आमच्या सारंगाला इनाम मिळाले नव्हते. तो रेंजरच्या लढाईत मेला होता. जमीन मिळाली ती त्याच्या लहान मुलाला.

दोनशे चाळीस वर्षे आमच्या पंगतीत जे जहाज सांगितले जाते, त्याच्या मागे बाप गेलेले एक पोर आणि त्याला घेऊन बसलेली त्याची आई होती. त्या बाईचे नाव पेढीनाम्यात नाही. एकाही बाईचे नाही. जमीन मुलाच्या नावे झाली तरी ती कसून घेतली कोणी? सनदेचा कागद इतकी वर्षे वाळवीपासून आणि भाऊबंदांपासून सांभाळला कोणी? ते पोर हाती येईपर्यंत ते करणारे घरात दुसरे कोण असणार?

तिसऱ्या कागदाने आणखी एक धक्का दिला. सारंगाचा मुलगा, त्याचा मुलगा, आणि तिथे रेघेच्या बाजूला 'दत्तक'. नातवाला मूल नव्हते, त्याने भाऊबंदांतला मुलगा घेतला. आम्ही सगळे त्या दत्तक मुलाचे. म्हणजे ज्याच्या रक्ताचा आम्ही अभिमान सांगतो, त्याचे रक्त आमच्यात नाही. हे मी आजोळच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळवले आणि दोन दिवस तिथे शुभ सकाळसुद्धा आले नाही. शेवटी नव्वदीतल्या मावशीआजींनी निरोप पाठवला : दत्तक म्हणजे मुलगाच, त्याने पाणी दिले ना, मग झाले. त्यानंतर ग्रुप पूर्ववत झाला.

पण माझ्या डोक्यात प्रश्न वेगळाच राहिला. हा पेढीनामा लिहिला कधी आणि का? कागद १८६० नंतरचा आहे, लढाईनंतर ऐंशी वर्षांनी लिहिलेला. कोणा घरंदाज माणसाला पूर्वजांची आठवण दाटून आली आणि तो लिहायला बसला, असे नव्हते. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांना सगळीकडे सारामाफीच्या जमिनी दिसल्या, आणि त्या खऱ्या की खोट्या याची चौकशी लागली. १८५२ च्या कायद्याने देशावर आणि आपल्या खानदेशातही इनाम कमिशन बसले. १८६३ च्या कायद्यांनी उरलेल्या मुलखातल्या इनामांचा निकाल लावायचे ठरले. सनद दाखवा, वंश दाखवा, मधल्या दत्तकाला मंजुरी होती का ते सांगा, नाहीतर सारा भरा. आमच्या पेढीनाम्यावर म्हणूनच बायका नाहीत, बिनवारस चुलते नाहीत. सनदेपासून कब्जेदारापर्यंत सरळ उतरणारी रेघ तेवढी आहे. जमीन जायची वेळ आली म्हणून वंशावळ लिहिली गेली. मूळपुरुष आमच्या आठवणीत राहिला तो पराक्रमामुळे नव्हे; त्याच्या नावावाचून जमीन टिकत नव्हती म्हणून.

अशा कागदावर विश्वास किती ठेवायचा, हे ठरवायला मी पुण्याच्या पेशवे दफ्तरात सुट्ट्या घालवल्या. तिथे कागद फडक्यांत बांधून ठेवतात, त्यांना रुमाल म्हणतात. असे हजारो रुमाल आहेत. रियासतकार सरदेसायांनी १९३० नंतर त्यांतून निवडून ४५ खंड छापले, तरी ती समुद्रातली ओंजळ. चौकशीच्या वेळी इंग्रज अधिकारी दावेदाराचे म्हणणे याच दफ्तराशी ताडून पाहत. म्हणून उघड थाप मारणे धोक्याचे होते. शिवाय अर्जदाराला फुशारकीच मारायची असती, तर 'जहाज पकडल्याबद्दल बक्षीस' असे त्याने लिहिले असते. पोरक्या पोराची बालपरवेशी कोणी बढाई म्हणून सांगत नाही. त्यामुळे मी कागदाच्या बाजूने आहे. विजयदुर्गाबद्दल नाही तरी बऱ्याच गोष्टी वाढवून सांगतात. हेलियमचा शोध लॉकियरने १८६८ च्या ग्रहणात याच किल्ल्यावर बसून लावला, हे तिथे हमखास ऐकायला मिळते. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होता.

हे सगळे आपल्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. पेढीनाम्याचा अर्थ मला लागला तो मणिबेलीमुळे.

आपण नववीत होतो त्या १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत सरदार सरोवराचे पाणी शिरले. महाराष्ट्रातल्या ३३ बाधित गावांतले ते पहिले. नंतर शूलपाणेश्वराचे जुने देऊळही पाण्याखाली गेले. १९९४ साली ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देणे थांबवावे असे जाहीर केले आणि त्या जाहीरनाम्याला 'मणिबेली' हे नाव दिले. वॉशिंग्टनमध्ये ते नाव पोचले तेव्हा नंदुरबार हा जिल्हाही झालेला नव्हता. आपण धुळ्याचे होतो.

आपल्या वसतिगृहात मणिबेलीची मुले होती. त्यांच्या घरी तेव्हा कशाची चर्चा चाले ते आता कळते. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्याप्रमाणे जमीन गेलेल्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन, आणि प्रत्येक सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब. मग प्रश्न यायचा तो असा : मुलगा कोणाचा, ठरलेल्या तारखेला अठरा पूर्ण होता का, जमीन तुमची कशावरून? जंगलजमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याकडे सातबारा नव्हता. सरकारच्या लेखी ते अतिक्रमण. आणि वयाचा पुरावा म्हणजे शाळेचा दाखला. आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा वाढदिवस १ जूनला असायचा, त्यावर आपण किती हसायचो! मुलाला दाखल करताना वडिलांना तारीख सांगता येत नसे, म्हणून गुरुजी शाळा उघडायच्या सुमाराची तारीख घालत आणि साल अंदाजाने. गुरुजींचा तो अंदाज पुढे कोणाच्या दोन हेक्टरांचा निकाल लावील, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हते.

मणिबेलीचा आपला एक वर्गमित्र आता गुजरातेत, परवेट्याच्या वसाहतीत राहतो. गेल्या दिवाळीत त्याला फोनवर मी सारंगाची हकीकत सांगितली. दत्तकाशी आलो तसा तो हसला आणि म्हणाला, "आमच्या आजाला सात पिढ्यांची नावं तोंडपाठ होती. पण साहेबाने लिहिली किती? ज्यांना जमीन लागू होती तेवढीच." मग त्याने ती सातही नावे मला सांगितली. आजीकडची चार त्याच्या आईने मागून सांगितली; ती मी जशी ऐकली तशी, दोनदा विचारून, टिपून घेतली आहेत. माझ्या पेढीनाम्यापेक्षा त्याची वंशावळ आता चार बायकांनी मोठी आहे.

माझ्या बाजूलाही काम चालू आहे. मावशीआजींना बसवून आजोळच्या बायकांची नावे लिहून घेतली. त्या थेट त्यांच्या आजेसासूपर्यंत जातात, म्हणजे साधारण १८८० पर्यंत. त्यापलीकडे, सारंगाच्या बायकोपर्यंत, अजून शंभर वर्षे आहेत.

एक विनंती. कोणाच्या घरी मोडी कागद असतील तर ते लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. घडी हलक्या हाताने उघडा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढा, मागची बाजूही घ्या, आणि मला पाठवा. जमेल तसे वाचून देईन. आणि शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरांचे फोटो काढायला मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी थांबू शकणारे चार जण हवे आहेत. पाने फार ठिसूळ झाली आहेत, बाईंनी परवानगी दिली आहे.